वाट पाहायची, पण तारीख ठरवून

नैराश्यावरची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले, स्ट्रिप संपत आली, तरी सकाळी अंथरुणातून उठवत नाही ते नाहीच. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर 'याने काही गुण येत नाही' म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या जातात, नाहीतर 'डॉक्टरांनी दिल्यात ना, मग घ्यायच्या' म्हणून तीच गोळी, त्याच पावरची, वर्षभर चालू राहते. पहिल्या घरात औषधाला पुरेसा वेळ मिळत नाही. दुसऱ्या घरात लागू न पडलेल्या औषधाला नको तितका मिळतो.

वाट तर पाहावीच लागते, पण ती कधीपर्यंत पाहायची आणि त्या दिवशी काय बघून निर्णय घ्यायचा, हे आधी ठरवलेलं असावं. गोळी कोणती, किती, कधी बदलायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मात्र ते नीट ठरवायला जी माहिती लागते, ती तुमच्याकडे आणि तुमच्या घरच्यांकडेच असते. ती कशी गोळा करायची आणि डॉक्टरांपुढे कशी मांडायची, ते इथे पाहू.

आठवडे कुठून मोजायचे?

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी औषधं शरीराला सोसावीत म्हणून पुष्कळदा कमी डोसने सुरू करतात. एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमने सुरू होऊन १० वर जाते, सर्ट्रालिन २५ वरून ५० वर. मोजणी धरायची ती या पुरेशा डोसपासून. 'महिना झाला' म्हणणाऱ्या पेशंटचे पहिले दहा-बारा दिवस अर्ध्या गोळीत गेलेले असतात आणि मधला एक आठवडा गावी गोळ्या विसरल्यामुळे कोरडा गेलेला असतो. म्हणजे औषधाला मिळाले जेमतेम दोन आठवडे.

या औषधांची अडचण अशी, की त्रास आधी येतो आणि गुण मागून. मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, अस्वस्थपणा, झोप उडणं किंवा उलट झापड येणं हे पहिल्या आठवड्यात सुरू होतं आणि बहुतेकांचं दोनेक आठवड्यांत ओसरतं. फायदा दिसू लागतो तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. म्हणून कॅलेंडरवर तीन खुणा करून ठेवा.

पहिली खूण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. इथे बरं वाटण्याची अपेक्षा नको, पण काही हललंय का ते पाहायचं. झोप थोडी सलग लागते का? जेवण जातं का? आंघोळीला कुणी ढकलावं लागत नाही, असं झालंय का? मन उजळण्याआधी बऱ्याचदा शरीर सुधारतं, आणि हा बदल पेशंटच्या आधी आई, बायको किंवा नवऱ्याच्या लक्षात येतो.

दुसरी खूण पुरेशा डोसच्या चौथ्या आठवड्याच्या शेवटी. इथपर्यंत काडीचाही फरक नसेल, तर हेच औषध याच डोसमध्ये पुढे अचानक लागू पडण्याची शक्यता कमी होत जाते. डॉक्टरांशी बोलायची हीच वेळ. थोडा फरक असेल, तर थांबण्यात अर्थ आहे.

तिसरी खूण सहाव्या ते आठव्या आठवड्याची. या टप्प्यावर निकाल लावायचा. वयस्कर माणसांना थोडा जास्त वेळ लागू शकतो. पण निकाल न लावता 'बघू अजून' म्हणत महिने घालवू नयेत.

'गुण नाही' म्हणजे नेमकं काय?

डॉक्टरांसमोर बसल्यावर 'काही फरक नाही हो' एवढंच म्हटलं, तर त्यातून निघणाऱ्या वाटा वेगवेगळ्या असतात. पाच शक्यता तपासून बघा.

* फरक अजिबात नाही.
* फरक आहे, पण अर्धवट. रडू थांबलं, कामात मात्र लक्ष लागत नाही.
* आधी चांगला फरक होता, आता पुन्हा घसरण झाली आहे.
* दुःख बोथट झालं, पण आनंदही. पोराने मिठी मारली तरी आत काही हलत नाही. हा आजाराचा उरलेला भाग असू शकतो किंवा औषधाचा परिणामही असू शकतो, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.
* गुण येतोय, पण दुष्परिणाम इतके, की गोळी नकोशी झाली. लैंगिक इच्छा कमी होणं हा यातला सर्वांत न बोलला जाणारा त्रास. कितीतरी लोक याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांना हा त्रास नवा नसतो आणि त्यावर पर्यायही असतात. मिर्टाझापिन किंवा ब्युप्रोपिऑनमध्ये हा त्रास तुलनेने कमी आढळतो.

आठवणीवर विसंबू नका. नैराश्यात माणसाला मागचे चांगले दिवस आठवतच नाहीत. आजचा दिवस वाईट गेला की सगळा महिनाच वाईट वाटतो. यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती मराठीतही उपलब्ध आहे. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, त्यानुसार प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. एकूण ० ते २७. औषध सुरू करताना एकदा आणि नंतर दर दोन आठवड्यांनी ती भरा. बेरीज निम्म्यावर आली तर औषध चांगलं लागू पडतंय, ५ च्या खाली गेली तर नैराश्य जवळजवळ ओसरलं, असं साधारणपणे धरतात. १८ वरून १६ वर येणं म्हणजे फारसा फरक नाही. १८ वरून ११ वर आलात आणि तरी 'काहीच नाही' वाटत असेल, तर कागद तुमच्यापेक्षा खरं बोलतोय. नवव्या प्रश्नात मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार विचारलेले असतात. तिथे शून्याहून जास्त उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं.

गोळी खरंच पोटात जातेय का?

औषध बदलण्याआधी हा प्रश्न प्रत्येक चांगला डॉक्टर विचारतो. यात पेशंटला पकडण्याचा हेतू नसतो. उत्तर खोटं मिळालं, तर चांगलं औषध नापास ठरतं आणि पेशंट विनाकारण जास्त जड औषधावर जातो. आठवड्यातून दोन-तीन गोळ्या चुकत असतील तर तसं सांगा. उपवासाच्या दिवशी गोळी टाळली जाते, रात्रपाळीत वेळ चुकते, सासरी कुणाला कळू नये म्हणून डबी कपाटात राहते. कारण कळलं की उपाय निघतो. वेळ बदलता येते, दिवसाला एकच गोळी पुरेल असं औषध निवडता येतं.

स्ट्रिपवरचं नाव वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली औषधं सर्रास दिली जातात. यातलं क्लोनाझेपाम पहिल्याच रात्री झोप आणतं, धडधड कमी करतं. त्यामुळे दोन दिवसांत 'गोळी लागू पडली' असं वाटतं आणि पुढे त्याचा असर बोथट झाला की 'गोळी चालेनाशी झाली' असं वाटतं. मुळात नैराश्यावरच्या औषधाची परीक्षा अजून व्हायचीच असते. क्लोनाझेपामची सवय लागू शकते, म्हणून ते शक्यतो थोड्या दिवसांसाठीच असतं. पण बरेच आठवडे घेतलं असेल तर तेही एकदम तोडायचं नाही. तुमच्या गोळीत ते आहे का आणि कधीपर्यंत आहे, हे विचारून घ्या. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांची सवय त्या अर्थाने लागत नाही, हेही घरच्यांना सांगण्यासारखं आहे.

दारू हा तिसरा मुद्दा. रोज संध्याकाळी दोन पेग आणि रात्री गोळी असं चालू असेल, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. दारू स्वतःच नैराश्य वाढवते आणि झोप मोडते.

इतर औषधांची यादी करा. त्यात काढे, चूर्णं आणि जिममधल्या पावडरीही लिहा. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन अनेक औषधं शरीरातून वेगाने बाहेर टाकतं, त्यामुळे पुरेसा डोसही अपुरा पडू शकतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड मनावर परिणाम करू शकतात. काही औषधं एकत्र घेणं धोक्याचंही असतं. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, काही जंतुसंसर्गांवर आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर दिलं जाणारं लिनेझोलिड यांच्यामुळे शरीरात सिरोटोनिन या रसायनाचा अतिरेक होऊ शकतो. म्हणून सर्दी-खोकल्यासाठी किंवा दाढदुखीसाठी औषध घेतानाही 'माझी ही गोळी चालू आहे' हे डॉक्टरांना आणि मेडिकलमध्ये सांगा.

आजार तोच आहे ना?

औषध बरोबर, डोस बरोबर, वेळही दिला, तरी गुण नसेल तर निदानाकडे पुन्हा पाहावं लागतं. थायरॉइड मंदावलं की थकवा, जडपणा, उदासी, वजन वाढणं असं सगळं नैराश्यासारखंच दिसतं. टीएसएच ही साधी रक्ततपासणी ते दाखवते. शुद्ध शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी झालेलं असू शकतं. हिमोग्लोबिन आठवर असलेल्या बाईच्या थकव्याला नुसती अँटिडिप्रेसंट पुरी पडणार नाहीत. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाच्या झोपेत श्वास अडकतो का, हेही बघावं लागतं.

सर्वांत महत्त्वाची शक्यता बायपोलर आजाराची. आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की तीन-चार तास झोपूनही ताजंतवानं वाटायचं, तोंडाची टकळी थांबत नव्हती, डोक्यात योजनांची गर्दी होती, पैसा पाण्यासारखा खर्च झाला किंवा कारण नसताना सगळ्यांशी भांडणं झाली? त्या काळाची तक्रार कुणी डॉक्टरांकडे नेत नाही, कारण तेव्हा बरंच वाटत असतं. पण अशा माणसाला नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं, तर ते लागू पडत नाही किंवा त्याला उलट टोकाला नेतं. इथे आधी मूड स्थिर ठेवणारी औषधं लागतात. घरात कुणाला असा आजार होता का, हे आत्या-मावश्यांना विचारून डॉक्टरांना सांगा.

आणि काही दुःखांचं मूळ घरात, शेतात किंवा नोकरीत असतं. नवरा मारत असेल, सावकार दारात बसत असेल, तर गोळी सहनशक्ती थोडी वाढवील, पण मार आणि कर्ज थांबवणार नाही. ही माहिती डॉक्टरांना द्यायची लाज वाटू देऊ नका. मदतीची दिशा तिच्यावरून ठरते.

डॉक्टरांपुढचे पर्याय

अमेरिकेत या प्रश्नावर सुमारे ४,००० रुग्णांचा स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकाचं नैराश्य पूर्ण ओसरलं. ज्यांचं ओसरलं नाही, त्यांना औषध बदलून किंवा जोडीला दुसरं देऊन पाहिलं, तेव्हा आणखी चौघांपैकी एकाच्या आसपास लोकांना तसाच गुण आला. तिसऱ्या-चौथ्या पायरीला प्रमाण घटत गेलं. या अभ्यासाच्या एकूण यशाचा आकडा फुगवलेला होता, असा आक्षेपही नंतरच्या फेरतपासणीत घेतला गेला. तरी वाचकाने एवढं नक्की घ्यावं: पहिली गोळी लागू न पडणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि तो तुमचा दोष नाही.

डोस वाढवणं ही बहुधा पहिली पायरी. थोडा गुण आलाय आणि गोळी सोसतेय, अशा वेळी तिचा उपयोग होतो. पण डोस दुप्पट केला की फायदा दुप्पट होत नाही; सिरोटोनिनवर काम करणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांत मध्यम डोसच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात.

औषध बदलणं ही दुसरी वाट, फरक अजिबात नसेल किंवा गोळी सोसतच नसेल तेव्हाची. एक सर्ट्रालिनसारखी गोळी लागू पडली नाही, म्हणून त्याच गटातली दुसरी लागू पडणारच नाही असं नसतं. बदल बहुधा टप्प्याटप्प्याने होतो: जुनी कमी होत जाते, नवी वाढत जाते. पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन एकदम तोडलं तर गरगरणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असा त्रास होऊ शकतो. फ्लुऑक्सेटिन शरीरात कितीतरी दिवस रेंगाळतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी, पण नवं औषध सुरू करताना त्याचा हिशेब धरावा लागतो. म्हणून हा बदल घरी स्वतःच्या डोक्याने करायचा नसतो.

जोड देणं ही तिसरी वाट. अर्धा गुण आला असेल तर तो हातचा न घालवता लिथियम, ॲरिपिप्राझोल, क्वेटियापिन किंवा मिर्टाझापिनसारखं औषध जोडीला देतात. चिठ्ठीवर यातलं एखादं नाव दिसलं आणि इंटरनेटवर ते 'स्किझोफ्रेनियाचं औषध' म्हणून सापडलं, तर घाबरू नका. कमी डोसमध्ये ते इथेही वापरतात. मात्र लिथियमला रक्ततपासण्या लागतात, तर क्वेटियापिनसारख्या औषधांना वजन आणि साखरेवर लक्ष. या तपासण्या कधी करायच्या ते विचारून घ्या.

चौथी वाट बोलण्याच्या उपचारांची, आणि ती सर्वांत शेवटी आठवते ही खंत आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना एकच गोष्ट शिकवली: मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायची. देवळापर्यंत चालत जाणं, बहिणीला फोन करणं, झाडांना पाणी घालणं. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेल्या रुग्णांत नैराश्य ओसरण्याचं प्रमाण जास्त होतं. गोळीची वाट पाहत असताना हे आजच सुरू करता येतं.

दोन-तीन औषधं नीट देऊनही गुण नसेल किंवा माणूस खाणंपिणं सोडून जीवावर उठला असेल, तर ईसीटी म्हणजे शॉक ट्रीटमेंट सुचवली जाऊ शकते. सिनेमाने तिची भीती घातलीय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली आहे. तीव्र नैराश्यात ती आजही सर्वांत प्रभावी उपचारांपैकी एक आहे. अलीकडच्या आठवणी पुसट होणं हा तिचा मुख्य दुष्परिणाम. चुंबकीय लहरींचा आरटीएमएस हा उपचारही मोठ्या शहरांत मिळतो.

भेटीच्या दहा मिनिटांत

ओपीडीत वेळ कमी असतो. म्हणून एका कागदावर लिहून न्या: गोळीचं नाव आणि डोस, तो डोस कोणत्या तारखेपासून, किती चुकल्या, पीएचक्यू-९ च्या बेरजा तारखांसह, सर्वांत जास्त छळणारी दोन लक्षणं, दुष्परिणाम, इतर औषधं, आणि याआधी घेतलेल्या औषधांची नावं. मग चार प्रश्न विचारा. आपण अजून किती थांबायचं? त्या तारखेला काय दिसलं म्हणजे गुण आला म्हणायचं? नाही दिसलं तर पुढची पायरी कोणती? मधे बिघडलं तर मी कुणाला फोन करू?

उत्तरं मिळत नसतील, दोन-तीन महिन्यांत डोस किंवा औषधाचा विचारच झाला नसेल, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्या. गोळी फॅमिली डॉक्टरांनी सुरू केली असेल, तर तज्ज्ञाकडे जायची हीच वेळ. स्वतःचे उपचारांचे कागद मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मनोविकार संस्था आहे. जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

इथे तारखेची वाट पाहू नका

मरणाचे विचार वाढले, त्याची तयारी सुरू झाली. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर विलक्षण बेचैनी आली, एका जागी बसवेना. झोप नकोशी होऊन एकदम उत्साहाचं उधाण आलं. ताप, घाम, थरथर, स्नायूंचे झटके आणि भ्रम एकत्र आले. वयस्कर माणूस, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारा, अचानक गोंधळला, तोल जाऊ लागला (सोडियम कमी झाल्याचं हे लक्षण असू शकतं). यातलं काहीही झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर किंवा रुग्णालय गाठा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा. या वयात औषधाच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने तसा ठळक इशारा छापणं बंधनकारक केलं आहे. अशा काळात गोळ्यांचा साठा घरच्यांनी आपल्याकडे ठेवावा आणि माणसाला एकटं सोडू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. जीवाला धोका असेल तर ११२.

गुण आल्यावर

योग्य औषध सापडलं, की पुढची चूक महिन्याभरात होते: 'आता बरं आहे, कशाला गोळ्या?' नैराश्य पूर्ण ओसरल्यावरही पहिल्या खेपेला निदान सहा ते नऊ महिने तोच डोस चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. बंद करतानाही काही आठवडे किंवा महिने घेऊन, हळूहळू. परीक्षा, बदली, बाळंतपण किंवा घरातलं लग्न तोंडावर असताना कमी करायला घेऊ नका. गरोदर राहायचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील, तर गोळी एकदम न सोडता आधी डॉक्टरांशी बोला.

डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांत गरगरणं आणि झटके सुरू झाले, तर तो बहुधा गोळी सुटण्याचा त्रास असतो. उदासी काही आठवड्यांनी, हळूहळू परत आली, तर आजार डोकं वर काढतोय असं समजा. पहिल्यात कमी करण्याचा वेग आणखी मंद करावा लागतो, दुसऱ्यात पूर्वीचा डोस परत सुरू करावा लागतो. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, हे लिहून ठेवलं असेल तर डॉक्टरांना हा फरक करणं सोपं जातं.